मानसिंगचा पश्चिम जर्मन टेप

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या रस्त्यावर मानसिंग शिळीमकरची पिठाची गिरणी आहे. गिरणीत एक वजनकाटा आहे. त्यावर मानसिंग लोकांचं दळण तोलतो आणि दळण नसलं की आपले अँप्लिफायर तोलतो. मागच्या भिंतीवर त्यानं खडूनं लिहून ठेवलंय: जपानी एकोणीस, इंग्लिश बावीस, दिल्लीवाला साडेचौदा. कुणी कौतुकानं विचारलं, "आवाज कसा हाय वो याचा?" तर मानसिंग छाती काढून सांगतो, "बावीस किलो!"

त्याला गाण्याची आवड आहे असा कुणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. गाणं सुरू झालं की मानसिंगला जांभई येते. त्याला आवडतात ती बटणं. जड, लोखंडी, फिरवताना बोटाला टक-टक लागणारी. त्याला आवडतो काचेमागचा हिरवा उजेड, आणि त्या उजेडात नाचणारे काटे. काटे नाचवायला काहीतरी वाजावं लागतं, म्हणून तो रेडिओवरचं हवामानवृत्त लावतो. त्यातल्या बाईंचा आवाज काट्यांना फार मानवतो, असं त्याचं म्हणणं.

शिवाय तीस वर्षं गिरणीच्या घरघरीत उभं राहून त्याचे कान गेलेत. नसरापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की बारीक आवाज तुम्हाला आता ऐकू येणार नाहीत. मानसिंगनं याचाही फायदा शोधला. "ज्याचे कान चांगले, त्यो कसल्या बी डब्यावर खूश ऱ्हातो," तो म्हणायचा. "आमाला पारख हाय."

या पारखीची सुरुवात नसरापूरच्या एका भंगारवाल्याकडं झाली. तिथं त्यानं तो जपानी अँप्लिफायर पाहिला आणि बाजाराची पिशवी तिथंच विसरून मशीन काखेत मारून घरी आला. जपानात विजेचा दाब आपल्या निम्म्याहूनही कमी असतो हे ना त्याला ठाऊक होतं, ना भंगारवाल्याला. बटण दाबल्याबरोबर मशीननं एकदाच 'हुम्' केलं आणि जाळीतून धूर निघाला.

बायको मंगल धावत आली. "अवो, जळालं की त्ये!"

"जळालं न्हाई, तापलं," मानसिंग म्हणाला. "आन् धूर बघ. निळा हाय का न्हाई? आपल्या हितल्या मशीनचा काळा निघतो."

ते मशीन पुन्हा कधी बोललं नाही, पण त्याची जागा पहिलीच राहिली. त्याच्या शेजारी पाच-सहा वर्षांत आणखी दहा मशिनं आली. त्यातली दोन चालतात. सगळ्यांवर मंगलच्या हातच्या गोधड्या, कारण गिरणीचं पीठ उडतं. आल्यागेल्याला दाखवताना मानसिंग गोधडी अशी हळूच वर करतो, की आत आजारी माणूस आहे असं वाटावं. मंगल स्वतः भजनं ऐकते ती मोबाईलवर, भाकरी थापताना, मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून.

मानसिंगचा इंद्रायणी तांदूळ आणि नाचणीचं पीठ पानशेतच्या एका बाई नेमानं घेत. सुलक्षणाबाई नाव. यजमान इंजिनिअर होते. त्यांनी धरणाकाठी सुट्टीसाठी बंगला बांधला, आणि ते गेल्यावर बाई पुणं सोडून तिथंच राहायला आल्या. एका डिसेंबरात पोती घेऊन मानसिंग स्वतः गेला. पोतं ठेवायला आतल्या खोलीत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

समोर एक जुना, स्पूलवर फीत फिरवणारा टेपरेकॉर्डर होता. बॅगेएवढा, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, वर भाकरीएवढ्या दोन चकत्या, खाली दोन काटे. अगदी तळाला एक पत्र्याची पट्टी. तिच्यावरची इंग्रजी अक्षरं मानसिंगनं बोट ठेवून लावली.

"ताई, ह्ये वेस्ट जर्मनी म्हंजी कुठं आलं?"

"आता कुठंच नाही," बाई म्हणाल्या. "पूर्वी दोन जर्मनी होत्या. त्या एक झाल्या. तो वेगळा देश संपला."

मानसिंग मटकन खाली बसला. देशच संपला! म्हणजे आता असलं मशीन व्हायचं नाही, कुणी म्हटलं तरी व्हायचं नाही. परतताना कादव्याच्या घाटात त्यानं टेम्पो दोनदा थांबवला आणि समोरच्या डोंगराला सांगितलं, "देशच ऱ्हायला न्हाई!" डोंगरानं काही मनावर घेतलं नाही.

त्यानंतर पाच महिने तो दर पंधरा दिवसांनी पानशेतला जाऊ लागला. कधी करवंदं, कधी फणस, कधी नुसतंच 'इकडं आलोतो'. मशीन मागायची मात्र त्याला भीड पडे. तो खोलीत जाऊन उभा राही, हवापाण्यावर बोले आणि जाताना लाकडी फळीवरून हात फिरवी. घरी मंगलनं तेवढ्या काळात त्याच्या तोंडून इतक्या वेळा जर्मनी ऐकलं, की एकदा तिनं वैतागून विचारलं, "तिकडं कुनी ठेवलीय का काय तुमी?"

शेवटी सुलक्षणाबाईंनाच राहवलं नाही. मे महिन्यात त्या म्हणाल्या, "मानसिंगराव, चाळीस वर्षं मी या डब्यावरची धूळ पुसली. तुम्हाला आवडतो ना? घेऊन जा. मला काही नको त्याचं."

मानसिंगचा चेहरा पडला. पाच महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते असं वांग्याच्या पिशवीसारखं पुढं आलं, तेव्हा त्याला ते एकदम लहान दिसायला लागलं. लाकडाला एक टवका होता. काटाही जरा वाकडाच वाटला. "इचार करून सांगतो," तो म्हणाला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"आनलं न्हाई?" मंगलनं विचारलं.

"फुकट द्येत हुत्या," मानसिंग म्हणाला. "काईतरी खोट असनार."

आठ दिवस तो निवांत होता. मग त्याच्या कानावर आलं की हनुमंत दारवटकर सुलक्षणाबाईंकडं जाऊन आला. हनुमंतचं पानशेतच्या रस्त्याला हॉटेल आहे. पुण्याहून येणाऱ्यांना पिठलं-भाकरीबरोबर जुना काळही पाहिजे असतो, असं त्याच्या ध्यानात आलेलं. म्हणून त्यानं भिंतीला कंदील, पाटा-वरवंटा, बैलगाडीचं चाक असं सगळं टांगलेलं. आता गल्ल्याशेजारी ठेवायला त्याला तो टेप हवा होता. दोन चकत्यांच्या मधल्या जागेत मनीप्लांट लावायचा बेत होता.

मनीप्लांट! मानसिंगनं दळण अर्ध्यात सोडलं आणि टेम्पो काढला.

तो पोचला तेव्हा हनुमंत बंगल्याच्या पायरीवर चहा पीत बसला होता.

"मानसिंगअण्णा, तुमाला दिलाता तर तुमी घेतला न्हाई म्हनं."

"घेतला न्हाई म्हंजी? इचार करतो म्हनलोतो. माझा इचार चालू हाय!"

"माझा झालाय."

"हनमा, तुला त्यातलं कळतं काय? त्या देशाचं नाव तरी ठाव हाय का?"

"मला नाव कशाला पायजे? मला ठेवाय पायजे."

सुलक्षणाबाई दारात उभ्या राहून दोघांना ऐकत होत्या. बाई तशा सरळ, पण बंगल्याची पाण्याची टाकी दोन वर्षं घासलेली नव्हती, कौलं सरकलेली होती आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. गावात माणूस मिळत नव्हता. आणि इथं दोन धडधाकट माणसं अंगणात भांडत होती.

"असं करू," त्या म्हणाल्या. "मी बघते, कोणाला द्यायचं ते. आधी जरा टाकीचं बघता का कुणी?"

दोघंही एकदम उठले.

पुढचे तीन रविवार मानसिंग टाकीत उतरला, कौलांवर चढला, कुंपणाच्या कडेनं पाण्यासाठी चर खणला. हनुमंतनं गवत काढलं, गेट रंगवलं आणि मानसिंगनं खणलेला चर वाकडा आहे म्हणून परत खणला. रविवार हा गिरणीचा मोठा वार. गिरणीला कुलूप बघून बायका डोक्यावरची पाटी घेऊन दुसऱ्या गिरणीला जायला लागल्या. दुसऱ्या रविवारी मंगलनं कुलूप काढलं, पट्टा चढवला आणि ती दळायला बसली. तिचं पीठ बारीक येतं आणि ती गप्पा मारताना दगड तापू देत नाही, हे बायकांच्या लगेच लक्षात आलं. तिसऱ्या रविवारी रांग लागली. मानसिंग घरी आला तेव्हा त्याच्या हाताला फोड आले होते आणि स्वतःच्या गिरणीत त्याला उभं राहायला जागा नव्हती.

चौथ्या रविवारी सुलक्षणाबाईंनी निवाडा केला. टेप मानसिंगला. आणि कपाटात असलेल्या, टेपच्या फितीच्या चौदा रिळांचा खोका हनुमंतला.

आता कुणीही म्हणेल की हा निवाडा दोघांनाही नागवणारा आहे. टेपशिवाय रीळ वाजत नाही आणि रिळाशिवाय टेप. पण दोघं अंगणातून निघाले ते लढाई जिंकल्यासारखे. मानसिंगला वाटलं, हन्म्याला नुसत्या चकत्या मिळाल्या. हनुमंतला वाटलं, अण्णाच्या गळ्यात धोंड बांधली. त्यानं रिळं हॉटेलच्या भिंतीवर ओळीनं लावून त्यांच्याभोवती लायटिंगची माळ सोडली. मानसिंगनं मशीन खोलीच्या मधोमध ठेवलं, आतला झिजलेला रबर काढून सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली आणि बटण दाबलं. रिकाम्या चकत्या गरगर फिरल्या. तो तासभर बघत बसला.

"काई वाजत न्हाई वो," मंगल म्हणाली.

"वाजायचं काय त्यात? फिरतंय बघ कसं."

पावसाळाभर असंच चाललं. गणपती झाल्यावर हनुमंतच्या हॉटेलात पुण्याचे एक गृहस्थ पिठलं खाता खाता भिंतीकडं बघत राहिले. ते म्हणाले, "अहो, ही रिळं भरलेली दिसतात. पूर्वीचे शौकीन लोक घरी मैफिली भरवायचे आणि रेकॉर्ड करायचे. यात काय खजिना असेल सांगता येत नाही. ऐकलंत का कधी?"

हनुमंतनं तेवढ्यात माळ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोका मांडीवर घेऊन गुंजवण्याला हजर.

"अण्णा, मैफल हाय यात! मोठ्या गवयाची! मशीन चार दिस द्या."

"मशीन हलनार न्हाई. रिळं ठिवून जा."

"रिळं हातातून सुटनार न्हाईत."

अर्धा तास हे चाललं. शेवटी मंगलनंच दोघांना दटावलं. "हितंच बसा आन् हितंच ऐका. म्या गिरनी बंद करते, न्हाईतर लाईट पुरायची न्हाई." दळणाला आलेल्या चार बायकाही मग काय आहे ते बघायला आत आल्या.

हनुमंतनं पहिलं रीळ स्वतःच्या हातानं चढवलं. चकत्या फिरल्या. खरखर झाली. मग एका पुरुषाचा आवाज आला, ट्यूबच्या रबरामुळं जरा घोगरा.

"हॅलो. टेस्टिंग. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. डावा चॅनेल."

"सुरुवात हाय," हनुमंत कुजबुजला. "आता गवई बसंल."

"उजवा चॅनेल. एक, दोन, तीन."

गवई बसला नाही. वीस मिनिटं तो आवाज एक-दोन-तीन म्हणत राहिला. दुसऱ्या रिळावरही तेच. तिसऱ्यावर तारीख सांगून तेच. सुलक्षणाबाईंचे इंजिनिअर यजमान कित्येक वर्षं मशीन नीट चालतंय का हेच तपासत बसले होते. चौथ्या रिळाला हनुमंतनं डोकं धरलं. एवढ्यात पाठीमागून, लांबून, एका तरुण बाईचा आवाज आला.

"अहो, जेवायला येताय ना? भात निवतोय."

"एक, दोन, तीन."

"अहो!"

"डावा चॅनेल."

पाचव्या रिळावर ती बाई मुलाला ताप आलाय म्हणून सांगत होती. सहाव्यावर कुणीतरी आलंय म्हणत होती. दरवेळी उत्तर एकच, एक, दोन, तीन. दळणाला आलेल्या बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मंगल पदर तोंडाला लावून उभी होती.

"बघ, बघ," मानसिंग तिला कोपरानं ढोसत म्हणाला. त्याला मागचा बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. "काटे कसे हालत्यात! जरा सुदिक चुकत न्हाईत. मानूस काय हुशार असंल!"

मंगलनं बाहेर जाऊन सुलक्षणाबाईंना फोन लावला. "ताई, त्या रिळांत तुमचा आवाज हाय वो. लई जुना. जेवाय बोलावताय, पोराला ताप आलाय म्हंताय. तुमाला परत देऊ का?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. नको. मी तेव्हाच सगळं बोलून घेतलंय." आणि दोन किलो नाचणीचं पीठ सांगून त्यांनी फोन ठेवला.

हनुमंत रिळं तिथंच टाकून गेला. मैफल नाही म्हटल्यावर त्याला ती भिंतीवरही नकोशी झाली. मानसिंगला दोन्ही मिळालं, मशीन आणि रिळं, आणि तो आता रोज दुपारी एक-दोन-तीन लावून काट्यांसमोर बसतो. गिरणी मंगल चालवते. गिरणीच्या दारावरच्या पाटीवरचं नावही तिनं बदलून स्वतःचं घालून घेतलं. मानसिंगनं ते अजून वाचलेलं नाही.