आंबलेल्या वरणाचा सीन
काल फ्रिजमधल्या वरणाचं झाकण काढलं, आंबूस वास आला आणि कॉलेजातली आमची शॉर्ट फिल्म आठवली. क्रांती चौकामागच्या रिकाम्या गाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली शूटिंग चाललं होतं. फुलंब्रीहून एसटीनं येणारी आमच्या वर्गातली मुलगी उपाशी बाईचं काम करत होती. कचऱ्यातलं अन्न खायचा सीन होता. दिग्दर्शक मित्रानं ताज्या वरणाऐवजी तीन दिवसांचं, तार सुटलेलं वरण ताटात ओतलं. "तिला सांगू नको, चेहऱ्यावर खरं आलं पाहिजे," तो माझ्या कानात म्हणाला. मी तिला काही न सांगता कॅमेरा सुरू केला. तिनं मोठा घास घेतला आणि तिथंच भडाभडा ओकली. "बंद करू नको, लई भारी येतंय!" तो ओरडला, आणि मी तिच्या नाकातोंडातून गळणाऱ्या ओकारीवर झूम केलं. तोंड धुऊन आल्यावर तिनं मलाच विचारलं, "तुला माहीत व्हतं का रे?" मी म्हणालो, "नाय गं, आईशप्पथ." तिनं विश्वास ठेवला आणि माझ्या भरवशावर उरलेला सीन पुरा केला. फिल्मला बक्षीस मिळालं. आता कधी भेटली की ती चारचौघांत सांगते, त्या टोळक्यात हाच एक चांगला होता. तेव्हा मला माझीच शिसारी येते, आणि तरीही मी हसतो.