सिग्नल मागणारा संशयित

ती फाईल आठवली की आजही मला आधी हसू येतं, मग संताप. साल २००६. मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावाच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. अख्ख्या खात्यात मराठी तेवढा मीच.

टीप टाउन हॉलमधून आली. एक दाढीवाला मुसलमान इंजिनिअर दर सभेत उठतो, तावातावाने बोलतो. आमचे कॅप्टन नुकतेच दहशतवादविरोधी ट्रेनिंग करून आले होते. तिथल्या तक्त्यात माथेफिरू होण्याची पहिली पायरी होती 'मनातली तक्रार'. म्हणाले, "त्याची चौकशी कर. फॉर्म भर."

माणूस आला. टेबलावरच्या पट्टीवर माझं आडनाव वाचून एकदम मराठीतच बोलायला लागला. मिरजेचा निघाला!

"साहेब, पुढच्या महिन्यात सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. माझ्या नावावर काही लागलं तर सगळं मुसळ केरात."

"तुमची तक्रार काय?"

"शाळेसमोर सिग्नल नाही. माझी पोरगी रोज तिथून रस्ता ओलांडते."

फॉर्मवर तक्रारीचे पर्याय तीन: परराष्ट्र धोरण, धर्माचा अपमान, पाश्चात्त्यांचा द्वेष. सिग्नल कुठेच नव्हता.

"इराकबद्दल काही?" मी विचारलं.

"आहे की! पण टाउन हॉलवाल्यांना साधा सिग्नल लावता येईना, ते युद्ध काय थांबवणार?"

फॉर्म वाचून कॅप्टन म्हणाले, "सिग्नल हे निमित्त. खरी तक्रार तो लपवतोय." घ्या!

शेवटी मी टाउन हॉलमध्ये जाऊन त्या रस्त्याची जुनी कागदपत्रं उपसली. त्याच सिग्नलसाठी अकरा अर्ज. त्यातला एक खुद्द कॅप्टनच्या बायकोचा, आणि भाषा अशी की वाचणाऱ्याचे कान तापावेत. दहा अर्जांवर शेरा होता 'नागरिकाची सूचना'. फक्त मिरजकराच्या अर्जावर 'पोलिसांकडे पाठवा'.

मिरजकराचा आणि त्यांच्या बायकोचा, दोन्ही अर्ज मी कॅप्टनसमोर ठेवले. "सर, फॉर्म भरायचा तर दोघांचाही भरू. मॅडमना कधी बोलावू?"

त्यांनी आधी बायकोचा अर्ज उलटा करून ठेवला. मग 'संशय निराधार' लिहून सही ठोकली.

त्याला सिटिझनशिप मिळाली, शाळेसमोर सिग्नलही लागला. मी खूश होतो. वर्षभराने त्याचा फोन आला.

"साहेब, सिग्नल बंद पडलाय."

"मग सभेत सांगा ना! आता तर तुम्ही सिटिझन."

"नको साहेब. मी सभेला जात नाही आता. तुम्हीच कळवा."

फार लागलं ते मला. उठून बोलणाऱ्या माणसाचा आपल्यावर विश्वास असतो, म्हणून तो बोलतो. एवढी साधी गोष्ट त्या तक्त्यात नव्हती, आणि मलाही ती उशिराच कळली.

मी माझ्या नावाने अर्ज केला. त्यावर शेरा आला, 'नागरिकाची सूचना'.