स्टायलोची बातमी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिन्नरजवळच्या एका माळावर सरकारी योजनेतून स्टायलो नावाचा परदेशी चारा पेरला गेला. शेंगवर्गीय, पाणी कमी लागणारा, जनावरांना आवडणारा. तो माळाबाहेर पसरून तण होईल का, हे तपासायला एक कृषी अधिकारी नेमला होता. मी नाशिकच्या एका दैनिकात बातमीदार होतो. त्याच्याबरोबर दोन-तीनदा गेलो.

कुंपणालगत काही सापडले नाही. रोपे सापडली ती दोन कोसांवर, कांद्याच्या वाफ्यांत. तिथे खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या आणि त्याआधी त्या या माळावर चरल्या होत्या. अधिकाऱ्याने लेंड्या गोळा करून कुंड्यांत घातल्या. काही दिवसांत कुंड्यांतून स्टायलो वर आला.

"मग आता माझ्या मेंढ्यांना फाशी का, सायब?" मेंढपाळाने विचारले.

"नाही मामा. माळावरून निघालात की पाच दिवस जाळीच्या कुंपणात कोंडा, दुसरा पाला घाला. पोटातलं बी तिथंच पडेल."

"एवढंच? कोंडतो की."

मी बातमी लिहिली. महत्त्वाचे आधी, बाकीचे नंतर, ही आमची शिस्त. जागा कमी पडली तर खालून कापता येते. उपाय शेवटच्या परिच्छेदात होता. संध्याकाळी एक जाहिरात आली आणि तो परिच्छेद गेला. मथळा लागला, 'मेंढ्यांच्या लेंड्यांतून शेतात तण'. सकाळी ते माझ्या लक्षात आले. छापलेल्यात चूक काहीच नव्हती, म्हणून मी खुलासा दिला नाही.

त्या हंगामात मेंढपाळाला गावोगावी परत पाठवले गेले. "तुझ्या मेंढ्या फुकटात पेरणी करून जात्यात, बाबा. पुढं हो," असे एका शेतकऱ्याने त्याला बांधावरूनच सांगितले. मेंढ्या बसवल्याबद्दल मिळणाऱ्या धान्यावर त्याचे घर चालत होते. त्याने कळप विकला. योजनेतून शेतकऱ्यांना स्टायलोचे बी वाटणे थांबवावे ही अधिकाऱ्याची शिफारस फाइलीत राहिली. पुढच्या पावसाळ्यात बी पुन्हा वाटले गेले.

नंतर तो मेंढपाळ मला नाशिकच्या द्वारका चौकात भेटला. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करत होता.

"पाच दिवस कोंडायचं, ते छापलं नाय तुमी."

"लिहिलं होतं. जागा नव्हती."

"किती जागा लागती त्याला?"

मी दोन बोटांत अंतर धरून दाखवले. ते त्याने नीट पाहिले, पोते पाठीवर घेतले आणि आत गेला. मेंढ्या विकून तेव्हा वर्ष होत आले होते.