आधी रांगेत बसा, मग डॉक्टर व्हा!

इंटर्न दरवर्षी बदलतात, त्यांचे किस्से मात्र माझ्याकडेच साठत जातात. परतूरकडच्या आमच्या छोट्या सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरांना शिकवायच्या तीन पद्धती आहेत. कॉलेजने दिलेला डमी, मोबाईलवरचे व्हिडिओ आणि आमची स्वतःची. आमची अशी, की पहिल्या दिवशी इंटर्नने केसपेपर काढायचा आणि पेशंट म्हणून रांगेत बसायचं. त्यावर वरून पत्र आलं, "हा प्रकार बंद करा, नाहीतर इंटर्न मिळणार नाहीत."

मी पत्र फायलीत लावलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन नव्या इंटर्नना रांगेत बसवलं. बंद करणार नाही म्हणजे नाही!

*

डमीला मी नावं ठेवणार नाही. स्नेहा नावाच्या इंटर्नने त्याची छाती दाबून दाखवली, एकही चूक नाही! आमच्या जुन्या मंगल सिस्टर बघत होत्या. म्हणाल्या, "बराबर हाय. पण याचे नातेवाईक कुठंयत?"

त्यांनी वॉर्डातल्या पाच बायका डमीभोवती उभ्या करून रडायला लावल्या. किती वेळा दाबलं, ते आकडेच स्नेहा विसरली. तिसऱ्या दिवशी मात्र ती दाबता दाबता ओरडली, "मावशी, मागं सरका!"

"आता झाली डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या.

*

व्हिडिओत पेशंटला विचारायचे प्रश्न होते. पुण्याहून आलेल्या आदित्यने ते पाठ केले. अंकुशनगरकडे ऊस तोडणारी एक बाई पाठदुखी घेऊन आली होती.

"मावशी, रोज थोडा व्यायाम करता का?"

"करून राह्यले की बाबा! सकाळपासून मोळ्याच उचलून राह्यले!"

*

याच आदित्यला मी पहिल्या दिवशी रांगेत बसवलं होतं. तीन तासांनी तो माझ्यासमोर आला. मी मान वर न करता गोळ्या लिहिल्या आणि म्हणालो, "नेक्स्ट!"

"सर, मी अजून काही सांगितलंच नाही!"

सगळ्यांना वाटतं, तो मी मुद्दाम दिलेला धडा होता. कसला धडा! मी त्याला ओळखलंच नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि म्हणूनच ही पद्धत मी सोडत नाही.

*

शेवटी पद्धतींची तुलना करायला कॉलेजचे साहेब आले, हातात गुण भरायचा फॉर्म. आमच्याकडे इंटर्न ठेवायचे की काढून घ्यायचे, हे त्यांच्या सहीवर होतं. मंगल सिस्टरनी त्यांच्या हातात केसपेपर दिला.

"आधी रांगेत बसा साहेब, मंग मार्क द्या."

साहेब भडकले. मी म्हणालो, "इथं सगळ्यांना हाच नियम आहे."

दोन तासांनी त्यांचा नंबर लागला. आत आदित्य होता. त्याने पेन खाली ठेवलं.

"बसा काका. काय होतंय?"

साहेब "काही नाही" म्हणायला गेले आणि मग गुडघा, उडालेली झोप, गेल्या वर्षी वारलेली बायको, सगळं सांगत बसले. बाहेर आले तेव्हा फॉर्म कोराच होता. केसपेपर मात्र त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवला.

दारात सिस्टरना म्हणाले, "सोमवारी परत बोलावलंय. हाच मुलगा असेल ना?"

"तुम्ही राहू दिला तर राहील, साहेब!"