डिकीतल्या गौरी

माझी सगळी नोकरी दगड गोळा करण्यात गेली. पावसाळा सरला की आमचं सर्वेक्षणाचं पथक बाहेर पडायचं आणि ऊन भाजायला लागलं की परत यायचं. मधले सात-आठ महिने तंबू, हातोडा आणि नकाशा. प्रत्येक मुक्कामातून एक दगड मी स्वतःसाठी ठेवत गेलो, मुठीत मावेल एवढाच. निवृत्त होऊन सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा असे चाळीसेक दगड बरोबर आले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि त्या क्रमांकाचं कार्ड: खनिज, ठिकाण, तारीख. संसाराचं सामान बायकोने लावलं, दगड मी लावले.

करंजाड्याच्या एका नव्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई एकदा घरी आल्या. मुलं नकाशात त्रिकोण म्हणजे लोखंड, चौकोन म्हणजे बॉक्साइट अशी चिन्हं भरून मार्क मिळवतात आणि बॉक्साइट समोर ठेवलं तर ओळखत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. त्या सुताराकडून देशाच्या नकाशाचं मोठं टेबल करून घेणार होत्या. जिथे जे सापडतं तिथे खाच आणि खाचेत खरा दगड. मी लगेच हो म्हटलं. आपल्यामागे या दगडांचं काय होणार हा विचार मला बरेच दिवस छळत होता. मुलींना त्यांत रस नाही, आणि बायको एकदा म्हणाली होती की कुंडीत घालीन.

कोणत्या खाचेत काय, याची यादी मी मापांसकट करून दिली. निसर्गाने वाटप करताना कुणाची तोंडं बघितली नाहीत हे यादी करताना पुन्हा दिसलं. लोखंड, कोळसा, अभ्रक, क्रोमाइट, सगळ्या खाचा पूर्वेला छोटा नागपूर आणि ओडिशाकडे दाटीवाटीने. आपल्या राज्यात जे आहे ते बहुतेक विदर्भाच्या टोकाला, थोडंफार दक्षिण कोकणात आणि कोल्हापूरकडे. आमच्या बिल्डिंगखाली वर भराव आणि खाली काळा पाषाण, बाकी काही नाही. बाईंनी विचारलं, मुलं आधी आपलं गाव शोधतील, तिथे काय ठेवू?

"खडी," मी म्हणालो. "आपल्या वाट्याला तेवढीच आली."

त्या हसल्या, पण नवी मुंबईचीही एक खाच त्यांनी करून घेतली. दगड गणपतीनंतर पोचवायचे ठरले. ज्या कोपऱ्यात पेटी होती तिथे बायकोला मखर करायचं होतं, म्हणून मी पेटी उचलून गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली.

बायकोचं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, आणणाऱ्याने वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही, घरी आल्यावर त्यांना न्हाऊ घालून पूजा करायची आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडायचे. इतकी वर्षं हे सगळं ती परस्पर करायची. गणपतीत मी घरी असायचो खरा, पण अहवाल लिहीत बसलेला. त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिच्याबरोबर जाणारी शेजारीण गावाला गेलेली. खडे आणायला खरं तर बाईमाणूस लागतं, पण देवी समजून घेईल, तुम्हीच आणा, असं ती म्हणाली. वर हेही म्हणाली की जन्मभर दगडच आणलेत, अजून सात आणा.

मी गाडी काढून करावे गावापलीकडे खाडीवर गेलो. ओहोटी होती. गुडघाभर चिखल, त्यात खारफुटी. जाळं निवडत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीने मी काय शोधतोय ते विचारलं. मी सांगितलं.

"हिकरं दगर नाय भेटनार, काका. समदा चिखलच हाय."

हे मला तिच्याआधी कळायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता, पण क्रशरमधून निघालेली टोकदार खडी देवी म्हणून घरी न्यायची मला लाज वाटली. पाणवठ्याचा खडा पाण्याने गोल केलेला असतो. असले खडे माझ्या डिकीत होते. दामोदर, वैनगंगा अशा नद्यांच्या नाहीतर ओढ्यांच्या पात्रातून उचललेले. मी पेटी उघडून गोलसर बघून सात काढले. बेत साधा होता. तीन दिवस पूजा होईल, विसर्जनाला ढिगातले सात तुकडे सोडायचे आणि हे परत पेटीत. बोलायचं नसल्यामुळे खोटं बोलायचाही प्रश्न नव्हता.

दारात बायकोने ताम्हण पुढे केलं. मी क्रमांक खालच्या बाजूला येतील असे खडे ठेवले. गौर कशाच्या पावलांनी आली, हे एकीने विचारायचं आणि दुसरीने सांगायचं असतं. दुसरी नव्हतीच, त्यामुळे तिने स्वतःच विचारलं आणि सोन्याच्या पावलांनी आली, असं स्वतःच सांगितलं. माझ्या पेटीत सोनं कधीच नव्हतं, हे मी बोलून दाखवलं नाही. तिने खड्यांना न्हाऊ घातलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला. ती काही बोलली नाही, आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मीपण येते. आम्ही करावे गावच्या तलावावर गेलो. माझ्या पँटच्या खिशात खडीचे सात तुकडे. पायऱ्यांशी मी ताम्हण मागितलं. तुझा गुडघा दुखेल, मी सोडतो, म्हणालो. तिने ताम्हण दिलं नाही. एक खडा उचलून ठिपक्यावरची हळद अंगठ्याने पुसली.

"हा कोडरम्याचा. धाकटी झाली तेव्हा तुम्ही तिथे होतात. माझं पत्र पोचायला अकरा दिवस लागले."

मग बाकीचेही तिने एकेक करून सांगितले. बालाघाटचं मँगनीज आलं त्या हिवाळ्यात थोरलीला कावीळ झाली होती. ओडिशाचं क्रोमाइट, तेव्हा तिचे वडील गेले आणि दोन मुलींना घेऊन ती एकटी एसटीने रत्नागिरीला गेली. झरियाच्या कोळशाच्या वर्षी तिने घर बदललं आणि नवा पत्ता मला तारेने कळवला. राजस्थानच्या तांब्याच्या वर्षी काही झालं नव्हतं, मी दाढी वाढवून आलो होतो तेवढंच. क्रमांक, ठिकाण, साल, एकही चुकलं नाही. तीस वर्षं ते दगड तिनेच पुसले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला लाज वाटली. त्याच तारखा माझ्या कार्डांवर माझ्याच अक्षरात होत्या, आणि मी त्या फक्त खाणींच्या म्हणून वाचत आलो होतो.

माहीत होतं तर पूजा कशी केलीस, मी विचारलं.

"तुम्ही मुक्याने आणल्यात, मी मुक्याने घेतल्या. आता पूजा झाल्येय. पेटीत परत न्यायच्या असतील तर न्या, माझं काही म्हणणं नाही."

खाचा मापाने कोरून तयार होत्या. यातल्या दोन खाणी आता बंद आहेत आणि त्या बाजूला माझं पुन्हा जाणं होणार नाही. सात खडे गेले म्हणजे टेबलाचं पूर्वेचं अंग उघडं पडणार. हे सगळं मनात आलं, आणि तरीही मी तिच्या हातातून ताम्हण घेतलं, पायरीवर बसलो आणि एकेक खडा पाण्यात सोडला. क्रोमाइट सोडताना हात आखडला, मग तेही सोडलं.

गौरी पोचवल्या की तिथला एखादा खडा घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवतात. तिला वाकता येत नव्हतं. तिने माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं आणि म्हणाली, त्यातलीच एक बुडवून द्या. मी खडीचा एक तुकडा पाण्यात बुडवून तिच्या हातावर ठेवला. बाकीचे सहा वाटेत टाकून दिले.

पुढच्या आठवड्यात मी पेटी करंजाड्याला पोचवली. बाईंनी यादी लावून बघितली आणि सात नमुने कमी असल्याचं सांगितलं. ते आता मिळणार नाहीत, असं मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. मग नवी मुंबईची खडी तरी आणलीत ना, त्यांनी विचारलं.

एक आहे, मी म्हणालो, पण ती घरी लागते.