इंदूबाईचं छप्पर निघालं स्टँडावर

राळेगावकडच्या त्या गावात १९६२ साली एसटी यायचं ठरलं आणि इंदूबाईच्या डोक्यात चहाचं हॉटेल उघडलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिनं पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढणं सोडलं होतं. पण निंदणाच्या मजुरीवर चूल एक दिवस पेटे, एक दिवस रुसे.

स्टँडावरचा सायकलवाला निजामुद्दीन म्हणाला, "मावशी, माह्या बाजूची जागा तुमची. छपराखाली चार लाकडी डेऱ्या रोवून देतो. पण पह्यली मोटार थांब्यावर याच्या आत चूल पेटली पायजे. नाही त या जागेवर पानवाला टपूनच हाय!"

नवं छप्पर कुठलं? झोपडीचंच उचलून न्यायचं ठरलं. वस्तीतली निम्मी पोरं इंदूबाईच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे हाक देताच झाडून सगळे हजर. शिवाय वस्तीचा रिवाज होता: दुसऱ्याच्या छपराला खांदा न देणाऱ्याच्या छपराला कोणी हात लावत नसे. म्हणून वाट दाखवायला बाहेर ठेवलेला बाबारावही गुपचूप आत घुसला.

छप्पर निघालं. डोकी छपराच्या आत, खाली नुसते पाय. इंदूबाई डोक्यावर पातेली घेऊन मागं धावतेय.

"बाबाराव, कुठं वळाचं?"

"मले काय इचारता? मी त अंदर हाओ!"

"मंग बाहेर कोन हाय?"

"उजवीकडं!" इंदूबाई ओरडली. पण समोरासमोर तोंडं करून धरलेलं. अर्ध्यांची उजवी बाकीच्यांची डावी. छप्पर भर रस्त्यात जात्यासारखं गरगर फिरू लागलं.

बाबाराव शेजारच्या गड्यावर खेकसला, "उकंडा, तू निघ बाहेर!"

"काहून? उद्या माह्यं छप्पर तुहा बाप उचलन का?"

तेवढ्यात पोंऽऽ! पहिली एसटी आली आणि छपरासमोर अडली. कंडक्टर तणतणत उतरला, "हे काय नाटक लावून राह्यले?"

इंदूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोटार थांब्यावर कुठं आली अजून? तुले जाचं असन, तर अगुदर छप्पर ने!"

बिचारा कंडक्टर पुढं झाला आणि मोटार मागं घेताना देतात तशा हाका देऊ लागला. "आन दे, आन दे... जरा कडेनं... आन दे... बस्स!"

पुढं कंडक्टर, मागं छप्पर, त्यामागं एसटी. छप्पर डेऱ्यांवर टेकलं, चूल भडकली आणि मग मोटार थांब्यावर लागली. पानवाला पाहतच राहिला.

"सोडा आता," इंदूबाई म्हणाली.

"अगुदर बाबारावले सोडू दे! पह्यलं सोडनाऱ्याचं छप्पर उद्या कोन उचलन?"

"मी काहून? उकंड्यानं सोडावं!"

कोणीच हात काढेना. शेवटी इंदूबाईनं एकेकाच्या तोंडाला कप लावून चहा पाजायला घेतला आणि कंडक्टरला म्हणाली, "तू त मोकळा हाय ना बाबा? धर, बाकीच्यांले तू पाज."