थोरल्याची जागा

दुसऱ्या महायुद्धात मी सिग्नलच्या, म्हणजे तारा-बिनतारी सांभाळणाऱ्या पलटणीत होतो. तेवढ्या भांडवलावर परतल्यावर सांगलीतल्या लाउडस्पीकरच्या दुकानात मी शहाणा ठरलो. मालकांनी लष्कराच्या भंगारातून तारेवर आवाज उतरवणारं यंत्र आणि दोन मायक्रोफोन आणले होते. त्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, ही माझीच अट.

दिवाळीनंतर आटपाडीकडचे दोन धनगर भाऊ मेंढरं घेऊन नदीकाठी उतरले. नाटकगृहात त्यांच्या धनगरी ओव्यांचा कार्यक्रम ठेवला होता, लाउडस्पीकर आमच्या दुकानाचा. थोरल्याची दृष्टी गेली होती. यंदा तो सांगलीत लेकीकडे राहणार आणि धाकटा दुसऱ्याच दिवशी एकटा कळप घेऊन पुढे जाणार. जन्मभर दोघे एकत्र गायलेले.

"आमचं दोगांचं गानं येवढं धरून ठिव रं," थोरला म्हणाला.

"काळजीच सोडा," मी म्हणालो.

रंगमंचावर मध्ये ढोलवाला, त्याच्या उजव्या हाताला थोरला, डाव्या हाताला धाकटा. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने पुढची उचलायची. एक मायक्रोफोन मी समोर ठेवला. दुसरा दोन्ही बाजूंनी ऐकणारा, तो आडवा लावला, म्हणजे एका तोंडाशी एक भाऊ, दुसऱ्याशी दुसरा. दोन्हींचे आवाज एकत्र करून एकाच तारेवर घेतले आणि स्वतःच्या अकलेवर जाम खूश झालो.

खेळ संपल्यावर तारेचं रीळ लावून दोघांना ऐकवलं. ढोल झकास, धाकटा झकास. थोरल्याच्या ओळीला मात्र भिंतीपलीकडची कुजबुज.

"मी कुटं हाय ह्यात?" थोरल्याने विचारलं.

आडव्या मायक्रोफोनची ती बाजूच बिघडली असेल असं वाटून मी दोघांना जागा बदलायला सांगितलं. थोरला भडकला. "थोरला उजव्या हातालाच उभा ऱ्हातो. माजी जागा मी सोडायचो न्हाई."

मग मी आडव्या मायक्रोफोनच्या दोन तारा उलट जोडल्या. सकाळी कळप हलायच्या आधी घाईघाईने दुसरं रीळ भरलं. आता थोरला खणखणीत आणि धाकटा गायब! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडव्या मायक्रोफोनमध्ये दोन बाजूंचे आवाज एकमेकांच्या उलटे येतात. समोरच्यात ते मिळवले की एक भाऊ वाढतो, दुसरा वजा होतो. दोन्ही मायक्रोफोन वेगवेगळे धरले असते, तर मागाहून बेरीज-वजाबाकी करून दोघेही हाती आले असते. पण धाकटा तोवर निघून गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजाराच्या दिवशी लेकीचा हात धरून थोरला दुकानात आला.

"पयलं लाव," म्हणाला.

"त्यात तुम्ही नाही, बाबा."

"लाव म्हन्तो न्हवं?"

धाकट्याची ओळ संपली, कुजबुज सुरू झाली, आणि म्हातारा ताठ बसून मोठ्यानं गायला लागला. आपली ओळ झाली की थांबायचा, धाकट्याला गाऊ द्यायचा. मध्येच हसून म्हणाला, "ह्यो आजबी घाईच करतोय." मालक गल्ला सोडून दारात येऊन उभे राहिले. मला रडू आवरेना.

मग दर बाजाराला तो यायचा. पावसाळ्याआधी धाकटा परतला, तेव्हा मी मोठ्या उमेदीने म्हणालो, "आता दोघांचं एकत्र नीट उतरवतो. जुनं पुसून टाकू."

थोरल्याने चाचपडत माझं मनगट धरलं.

"नवं खुशाल कर. पर त्ये पुसू नगंस. ह्यो दिवाळीला परत जाईल, तवा मला त्येच लागंल. त्यात माजी जागा हाय."